एकोणचाळिसावा पाना

नव्या राज्याची राजधानी रायपूरला आली त्या साली माझ्या पलंगाखाली बग्गीच्या चाकांचे एक्केचाळीस पाने होते. नट आवळायचे, जुने, लोखंडी. मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, बग्ग्या भंगारात निघत गेल्या आणि रेल्वेच्या नोकरीत मी जिथे जिथे उतरलो तिथून एकेक पाना उचलत गेलो. त्यातला एक इतका जड, की तो आणला त्या दिवशी गाडी बिलासपूरहून अर्धा तास लेट आली.

माझ्या बायकोला, विनोदिनीला मात्र त्या जागेत गव्हाची कोठी ठेवायची होती.

"देवउठनी एकादशीपर्यंत एक तरी पाना कामी आला तर राहू देईन," ती म्हणाली. "नाही तर बीरगांवची लोखंड वितळवायची भट्टी."

नव्या राज्याच्या स्वागताच्या कमानी अजून उतरल्या नव्हत्या. देवउठनीच्या संध्याकाळी चौबे कॉलोनीतल्या आमच्याच गल्लीतून शेजारच्या आशयची वरात निघाली आणि वीस पावलांवर बग्गीचं डावं चाक डगमगलं. बग्गीवाला हिरालाल खाली उतरला.

"भैया, नट ढीला है. पाना तो पंडरी में छूट गया."

मी विनोदिनीकडे पाहिलं. तिनं आभाळाकडे पाहिलं.

पलंगाखालचे पाने पोत्यात भरून आणले. अडतीस पाने बसले नाहीत. बँडवाल्यांची गाणी संपली, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरली. एकोणचाळिसावा मात्र असा बसला की घोडीनं मान वळवून पाहिलं.

आता, बग्गीच्या डाव्या चाकाचे आटे उलटे असतात; नाही तर चालता चालता नट निघून जाईल. मी पाना डावीकडे फिरवणार, तोच नवरदेवाची आजी पद्मिनीबाई ओरडल्या, "अवो भाऊ, काय करून राहिले! ओवाळणं उजवं, प्रदक्षिणा उजवी, आन् तुमचा पाना काहून डावा? शुभकार्य आहे हे!"

"आजी, सीधा घुमाया तो पहिया निकल जाएगा," आशय वरून म्हणाला.

"तू चूप बैस. नवरदेव बोलत नसते."

मी उजवीकडे फिरवून दाखवला. चाक बोटभर बाहेर आलं, नवरदेव बोटभर खाली आला. बाई हटेनात.

रेल्वेत तीस वर्षं काढली मी. जे हलत नाही ते दुसऱ्या रुळावर घ्यावं लागतं. खुर्ची मागवली, बग्गीच्या उजव्या अंगाला ठेवली आणि बाईंना तिच्यावर बसवलं.

"आता खालून वाकून पाहा, आन् सांगा कोणीकडे फिरून राहिला."

इकडून मी डावीकडे आवळला. पलीकडून बाईंनी पाहिलं.

"हव," त्या म्हणाल्या. "आता कसा उजवा फिरते!"

वरात वेळेत पोचली.

घरी विनोदिनी म्हणाली, "एक कामी आला. तो ठेवा. चाळीस बीरगांवले."

"अवं, अडतीस बसले नाही म्हणून तर हा सापडला. ते बी कामीच आले ना!"

"आन् उरलेले दोन?"

"तू पलंगाच्या त्या बाजूनं पाह्य जरा."

ती खरंच पलीकडे गेली, वाकली, बराच वेळ पाहत राहिली.

"इकडूनबी पानेच दिसतेत," ती म्हणाली.

दोन पाने बीरगांवला गेले. तेवढ्या जागेत कोठी काही मावली नाही. ती पद्मिनीबाईंनी आपल्या ओसरीवर ठेवून घेतली. खोटं वाटत असेल तर पलंगाखालचे पाने मोजून घ्या. एक्केचाळीस भरले, तर भट्टीवाला माझ्या ओळखीचा आहे हे विनोदिनीला सांगू नका.