भिंतीपलीकडची मॅच

दुपारी बरोबर साडेतीनला माझी घडी मोडली, आणि तिथूनच सगळं बिनसलं. मी सतरंजी बोलतेय. निळ्या पट्ट्यांची, एका कोपऱ्यात इस्त्रीनं भाजलेली.

हातमागावरून उतरले ती थेट शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी आले. त्यांची दोन्ही मुलं माझ्यावर रांगली. मोठी मॅच असली की मला टीव्हीसमोर अंथरायचे आणि अख्खी गल्ली माझ्यावर दाटीवाटीनं बसायची. तेव्हा टीव्ही लावला की मॅच दिसायची, कुणाला काही विचारावं लागत नव्हतं. धाकटीनं गोल अडवणं तिथंच पाहिलं आणि माझ्यावरच सूर मारून मारून शिकली. माझे दोरे निघाले, पण तक्रार नाही.

मग एकेक मॅच पैसे भरायच्या चॅनेलवर गेली आणि मी कपाटावर गेले. तिथं झुरळं आणि मी. पुढं सुनेनं मला तान्ह्याच्या अंगाखाली घ्यायला काढलं. ओली तर ओली, माणसात तर आले.

त्या दिवशी धाकटी देशाच्या संघातून पहिल्यांदाच गोलात उभी राहणार होती. बाईंनी स्वतः दारोदार जाऊन आवतण दिलं. देशाची मॅच, ती तरी फुकट दाखवतीलच, असं सगळ्यांनी धरलेलं. टीव्ही लावला तर कोबीवरच्या किडीची चर्चा चाललेली. चॅनेल बदलता बदलता एके ठिकाणी निळा पडदा आला, आधी पैसे भरा. थोरला केबलवाल्याकडे धावला. तो म्हणाला, आज भरलेत तरी उद्याच चालू होईल.

शेजारच्या हार्डवेअरवाल्यांकडे ते चॅनेल होतं. ते दारात आले. "वहिनी, तुम्ही चला. बाकीच्यांना जागा नाही हो."

"बोलावलं मी, आणि मीच उठून जाऊ होय?"

सुनेनं परोपरीनं सांगितलं, पण बाई हलल्या नाहीत. लोक मात्र हलले. एकीला दूध तापवायचं आठवलं, एकाला पाणी भरायचं. सगळे गेले ते शेजारच्या खिडकीला लटकायला. इतकी वर्षं माणसं बसवली, पण एवढ्या चटकन मी कधी रिकामी झाले नव्हते. शेवटी बाई गेल्या, तर दार आतून बंद. थाप मारली, गोंगाटात कोण ऐकतंय? खिडकीपाशी नुसत्या पाठी. मागं कोण उभं आहे, ते वळून कुणी पाहिलं नाही.

परत येऊन माझ्यावर बसल्या, भिंतीला कान लावून. तेवढ्यात पलीकडून मोठी आरोळी उठली.

"अडवला की सुटला गं?"

सुनेनंही भिंतीला कान लावला. तिनं बाळाला घट्ट धरलं. बाईंची बोटं माझ्या दोऱ्यांत रुतली.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. "आई, तो शेवटचा पाहिलास ना? कशी झेपावले मी?"

"पाहिला गं. छान झेपावलीस." फोन ठेवून बाई तोंड धुवायला गेल्या, त्या बराच वेळ आल्या नाहीत.

खिडकीला लटकलेले आता तोंड चुकवतात, आणि बाई मेल्या तरी त्यांना विचारायच्या नाहीत. पोर सुट्टीत येईल, माझ्यावर ऐसपैस बसेल आणि खोदून खोदून विचारेल. म्हणून सांगते, ती मॅच तुम्ही पाहिली असेल, तर तिनं कुठल्या अंगाला सूर मारला, बॉलला कुठला हात लागला, एवढं बाईंना हळूच सांगून जा. नसेल पाहिली, तर ज्यांनी पैसे भरून पाहिली त्यांच्या कानावर घाला. लेक कशी खेळली, हे तिच्या आईला अजून कुणी सांगितलेलं नाही.