हौदापासून डावीकडे

पूर्णेच्या काठचं ते गाव मुक्ताईनगर तालुक्यातलं. दुपारी बारापर्यंत खालच्या आळीत इतकं पाणी चढलं की छपरांचे पत्रे बुडायला दोन हात उरले. धनसिंगने बोट बाहेर ओढायला सांगितली. धुळ्याहून आलेल्या बचाव पथकातला तो जुना माणूस, बावीस वर्षं पुरात बोट हाकणारा. तलाठ्याच्या यादीतली त्रेचाळीस माणसं शाळेत पोचली होती. एकेका नावापुढे खूण झाली होती.

"एक राहिलंय," मागून आवाज आला.

खाकी थैली पोटाशी धरून एक बाई उभी होती, चिंब भिजलेली. गावची टपालवाली, नूतन.

"यादी पुरी झाली, ताई."

"यादीत नाहीतच ते. प्रेमराज आबा. आठ दिवसांपूर्वी धुळ्याहून भाच्याकडे आले, भाईदासकडे. भाईदास बायकापोरांसकट सुरतेला गेलाय."

"त्या घराला कुलूप होतं. सकाळी मी पाहिलं."

"पुढच्या दाराला, भाऊ. आबा मागच्या दाराशी असतात. परवा औषधांचं पार्सल तिथेच दिलं मी. गुडघे गेलेत त्यांचे."

ते कुलूप पाहून त्यानेच बोट पुढे काढली होती.

बोट पुन्हा पाण्यात गेली. नूतन पुढे बसली. समोर नुसते गंजके पत्रे, एकासारखा एक, आणि मधून वाहत चाललेली केळीची झाडं.

"यातलं कोणतं?"

नूतन गोंधळून बघत राहिली. "वरून नाही ओळखू येत हो. मी दारं ओळखते."

"घ्या!" वल्ही धरलेला स्वप्नील म्हणाला. "दारं तर मासे ओळखतील आता."

नूतनने डोळे मिटले. "बोट पोस्टापाशी न्या. तिथून माझ्या चालीने चला. घाई नको."

चढावरच्या पोस्टाची लाल पेटी गळ्यापर्यंत बुडाली होती. तिथे धनसिंगने इंजिन बंद केलं. स्वप्नील हळू वल्हवू लागला. नूतनचे पाय बोटीच्या तळावर एकामागून एक पडू लागले, जणू ती रस्त्यानेच निघाली होती.

"हे ताईबाईचं. उंबरा उंच आहे, ठेच लागते. हे पुनमचं, हिचं पासबुक... हां, कुत्रं इथे बांधतात. आता डावीकडे घ्या."

"सरळ पाणी मोकळं दिसतंय, ताई."

"पाण्याचा उंच हौद आहे तिथे. रोज वळसा घालते मी."

स्वप्नीलने उजवीकडे वल्हं जेमतेम बुडवलं. खट्‌कन सिमेंटवर आपटलं. सरळ गेले असते तर बोटीचा तळ त्या काठावर फाटला असता. स्वप्नीलने बोट झटकन डावीकडे वळवली. मिटल्या डोळ्यांनी ही बाई पाण्याखालचं गाव चालत होती.

"हौदापासून सव्वीस पावलं," ती म्हणाली. "थांबा. इथे."

धनसिंगने पत्र्यावर मूठ आपटली. "आबा! ओ आबा!" आतून काही नाही. पुन्हा आपटली. पाणी तेवढं डुबुक डुबुक करत होतं. आता दीडच हात उरला होता.

नूतन पत्र्याशी वाकली आणि रोजच्या सुरात ओरडली, "आबा, सही करा!"

मग पत्र्याखालून थरथरता आवाज आला, "पेन लयनी का वं, माय?"

धनसिंगला हसू आलं आणि डोळेही भरले. ही तर त्याच्या आईची बोली. पहारीने त्याने पत्र्याचे हूक उपसले. माळ्यावर कापसाच्या गाठोड्याला धरून, कमरेएवढ्या पाण्यात म्हातारा बसला होता. गोळ्यांची पिशवी दातांत धरायची म्हणून इतका वेळ त्याचं तोंड बंद होतं. पिशवी आता हातात होती.

"तुना आवाज आयका नसता त्ये दात उघडतू नही मी," तो नूतनला म्हणाला. "गोया पाण्यात गयात म्हंजे पुन्हा पार्सल. तुलेच हेलपाटा."

त्याला घोंगडीत गुंडाळून बोट परत फिरली. नूतनने आबांचे पाय मांडीवर घेतले होते. वाट सांगायची तिला आठवण राहिली नाही. समोर मोकळं, सपाट पाणी होतं. काही दिसत नव्हतं. तरी पुनमच्या घराअलीकडे धनसिंगने, कुणी न सांगता, हौदाला वळसा घातला.