सरळ धरली की वाकडी वाटते

सारिकाच्या गोळ्या शंभर मीटरवर मधोमध बसत आणि तीनशेवर गेल्या की उजवीकडं खाली उतरत. पुण्याच्या चांदमारीवर पोलीस संघाचा सराव असला की दर खेपेला हेच.

"वाऱ्याचं काम हाय," तिचे सासरे चिमाजी म्हणाले. सैन्यात असताना पलटणीच्या संघातून नेमबाजी केलेला माणूस. वेल्ह्याच्या ठाण्यात शिपाई असलेली सून रायफलीत रमली, याचं घरात सगळ्यात जास्त कौतुक त्यांनाच.

"मामा, मागल्या येळंला वारं डावीकडनं होतं, काल उजवीकडनं," सारिका म्हणाली. "मग गोळ्या दोन्ही येळंला एकाच अंगाला कशा?"

इतकं साधं आपल्या ध्यानात कसं आलं नाही, याचंच चिमाजींना नवल वाटलं.

भात निघालेल्या खाचरात ती रोज संध्याकाळी त्यांनी करून दिलेली लाकडी रायफल घेऊन, पालथी पडून पवित्र्याचा सराव करायची. त्या दिवशी चिमाजी बांधावर न बसता तिच्या पायांमागं जाऊन पालथे पडले. वाटेनं चाललेली शेजारची बनाबाई थबकली.

"काय हरवलं का वो?"

"व्हय, गोळ्या," चिमाजी म्हणाले, आणि बघतच राहिले.

रायफल उजवीकडं कलली होती. समोर तोरण्याचा उतार उजवीकडं उतरत गेलेला. सारिकाची नजर त्यालाच आडवी रेघ समजत होती आणि हात नजरेचं ऐकत होते. रोज हितं पडून तो कल अंगात मुरला होता.

"गोळी जाता जाता खाली पडती, म्हणून नळी जराशी वर ठेवतो आपण," चिमाजी म्हणाले. "रायफल कलली की ते वर ठेवणंबी कलतं. मग जितकं लांब जावं, तितकी गोळी बाजूला आन् खाली."

"म्हंजे शंभरावर कळायचंच न्हाई."

"तिथं पडायला येळच कुठं असतो तिला?"

त्यांनी दोन बांबू रोवले, मधोमध गवंड्याचा ओळंबा सोडला आणि नळीच्या टोकावरची उभी माशी त्या दोरीशी जुळवायला लावली. सारिकानं जुळवली. मग दात-ओठ खात म्हणाली, "मामा, सरळ धरली की वाकडी वाटतीया."

पलटणीत याच बोलण्यावर जुन्या सवयीकडं परतलेले भले भले गडी चिमाजींनी पाहिले होते. सारिका परतली नाही. महिनाभर तिचे शंभर मीटरचेही गुण घसरले. स्पर्धेच्या संघाची निवड तोंडावर आहे, आता बदल नको, असं संघाच्या उस्तादांनी बजावलं. तिनं ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, चहा घेतला आणि खाचरात जाऊन पडली. तिच्या जागी आपण असतो तर? चिमाजींना स्वतःची खात्री देता येईना.

निवडीच्या दिवशी ते सकाळच्या एसटीनं पुण्याला गेले. तीनशे मीटर, दहा गोळ्या. दुर्बिणीतून त्यांनी पहिल्या दोन पाहिल्या: उजवीकडं, खाली. जुना कल परत आला होता.

घड्याळ चालू होतं, शेजारचे धडाधड गोळ्या सोडत होते, आणि सारिकानं रायफल खांद्यावरून उतरवून चक्क खाली ठेवली. डोळे मिटले. कोपरं सरकवली, कंबर हलवली, सगळा पवित्रा पहिल्यापासून बांधला. एवढ्या गडबडीत एवढी सवड काढायची म्हणजे काळीज लागतं.

मग आठ गोळ्या. एकेक करून मधल्या काळ्या गोलात, मुठीत मावतील एवढ्या जवळ.

निवडलेल्यांची नावं वाचली गेली. तिचं शेवटचं होतं, पण होतं. ती चालत आली तेव्हा कोपरांना माती लागलेली होती.

"पहिल्या दोन वाया घालवल्या, मामा."

"त्या जाऊ दे," चिमाजी म्हणाले. "म्होरल्या आठ मला जलमात जमल्या नसत्या."

सारिका लाजली, हसली, आणि कॅन्टीन कुठं आहे ते विचारायला गेली. सकाळपासून दोघांच्याही पोटात काही नव्हतं.