आईच्या ओळखीचा आवाज

मित्रांनो, एका फार जुन्या ट्रकच्या पोटाखाली माझा जन्म गेला. मी सायलेन्सर. इंजिनाचा धूर मागे नेऊन सोडायचा आणि त्याचा आरडाओरडा कमी करायचा, हे माझं काम. आता मी अंगणातल्या भिंतीला टेकून गंजत पडलो आहे. पण रडगाणं गायला मी बसलेलो नाही.

जाड पत्र्याच्या नळकांड्यात भोकाभोकांच्या नळ्या बसवून एका कारागिरानं मला घडवलं. आताच्या ड्रायव्हरच्या वडिलांनी मला हौसेनं ट्रकला लावलं. माझा आवाज घोगरा, खोकत खोकत बोलणाऱ्या माणसासारखा. वळणावर तो ऐकू आला की घरात आई चहाचं आधण ठेवायची. "आले रे तुमचे बाबा," असं मुलांना सांगायची. माझं एवढं कौतुक आणखी कुणी केलं नाही. शेजारी तर कानांत बोटं घालायचे.

वडील गेले. ट्रक मुलाकडे आला. आईचे डोळे अधू झाले, पण कान तिखट राहिले. आता माझ्या आवाजावर ती मुलाची वाट पाहू लागली.

पाण्यानं, चिखलानं मला हळूहळू पोखरलं. केबिनच्या खाली, जोडाजवळ, मला भोक पडलं.

"बदल आता," मिस्त्री म्हणाला. "यात पत्रा कमी नि गंज जास्त आहे."

"आणखी एक पट्टी मार," ड्रायव्हर म्हणाला. "बाबांच्या वेळचा आवाज आहे तो."

तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मला पट्टी बांधली. चार खेपांत ती सैल झाली.

मित्रांनो, माझ्यातून जे गळत होतं ते दिसलं असतं तर किती बरं झालं असतं! धुरात एक विषारी वायू असतो. त्याला ना रंग, ना वास. केबिनच्या तळाला गंजून फट पडली होती, तिच्यातून तो वर जायचा. ड्रायव्हरचं डोकं दुखायचं. तो चष्म्याला दोष द्यायचा. बायको सोबत असली की तिचंही दुखायचं.

"तुमच्या चष्म्यानं माझं डोकं कसं हो दुखतं?" ती विचारायची. तो हसण्यावारी न्यायचा. घरी आलं की डोकं दुखायचं थांबायचं आणि दोघंही विसरून जायची. मी खालून सगळं ऐकत होतो आणि गळत होतो. सांगायला मला तोंड नव्हतं.

थंडीतल्या एका सकाळी, बायको सोबत असताना, रेल्वेचं फाटक लागलं. इंजिन चालू, काचा बंद. फाटक उघडलं, तरी ट्रक हलेना. मागच्यांनी हॉर्न वाजवून रस्ता डोक्यावर घेतला. शेवटी एक टेम्पोवाला तणतणत आला. त्यानं दार उघडलं आणि त्याची शिवी अर्ध्यातच राहिली. दोघंही मान टाकून पडली होती.

त्यानं त्यांना ओढून बाहेर काढलं. मोकळ्या हवेत ड्रायव्हर शुद्धीवर आला. बायकोला मात्र दवाखान्यात प्राणवायू लावावा लागला. ती संध्याकाळी बोलली. पहिलंच वाक्य, "आता चष्मा नका बदलू."

घरी ड्रायव्हर खाली मान घालून बसला. "बदलतो गं आई. पण मी आलोय हे तुला कळणार कसं?"

"आवाज काय चाटायचाय?" आई कडाडली. "दारात आलास की हाक मार. तोंड आहे ना तुला?"

मिस्त्री ट्रकखाली शिरला. त्यानं नटांना तेल पाजलं, हातोडी मारली, पण ते हलेनात. "जुनं लग्न आहे, सहजी सुटायचं नाही," म्हणत त्यानं ते करवतीनं कापले. एवढ्या जुन्या ट्रकला तयार सायलेन्सर मिळेना, म्हणून माझ्याच मापानं नवा घडवला. केबिनची फटही बुजवली.

जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. जरूर जपा. पण जपणं म्हणजे पट्टीवर पट्टी मारणं नव्हे. आमची वेळ भरली की आम्हाला खाली उतरवा. आणि गाडीत बसल्यावरच दुखणारं डोकं घरी आल्यावर विसरू नका.

नवा सायलेन्सर गुणी आहे, हळू बोलतो. संध्याकाळी आई दाराशी बसून वळणाकडे कान लावते. काहीच ऐकू येत नाही. तिची बोटं काठीशी चाळा करत राहतात. मला वाटतं, एकदाच खोकावं. मग अंगणातून हाक येते, "आई, आलो गं!"

आई उठत नाही. मागून सुनेचा आवाज येतो, "मीपण आले."

तेव्हा कुठे ती आधण ठेवायला उठते.