दोन्हीकडची ओढ

विस्कॉन्सिनमधल्या त्या कारखान्यात आगीच्या बंबांवरच्या उंच शिड्या बनत. शिडीचं बूड किती भार पेलेल याचं गणित मारित हाउगेन कॉम्प्युटरवर करायची, बोल्ट आवळायचा रोली झास्ट्रो.

सरावात एक शिडी कलंडली. वर चढलेल्या वेस नावाच्या जवानाचं कंबरेचं हाड मोडलं. बुडाचा बोल्ट तुटला होता. रोलीनेच तो नीट आवळला नसणार, असं साहेबांनी ठरवलं, त्याला घरी बसवलं. मारितने मान डोलावली.

अपघाताचा अहवाल गेला होता; त्याला मागाहून आकडे जोडायचे म्हणून तिने गणित पुन्हा उघडलं. त्यात खऱ्या बोल्टच्या जागी कल्पित ताठ सांधे धरले होते. असा सांधा वाकत नाही, ताणही दाखवत नाही. त्याच्यावरचा जोर टोकाच्या बिंदूवरून काढावा लागतो. तो काढताना मारितने सांध्याच्या दोन्ही बाजूंचे भाग निवडले होते. रस्सीखेचीत दोन्हीकडची ओढ एकत्र धरली तर उरणार काय? जवळजवळ शून्य. आता तिने एकच बाजू निवडली. आकडा बोल्टला, कितीही नीट आवळला तरी, झेपणाराच नव्हता. तिने पुन्हा काढला. तोच आला.

साहेब, लेन द्वोराक, हळूच म्हणाले, "अहवाल गेलाय, मारित. रोली तसाही निवृत्तीला आलाय."

"तशा शिड्या अजून गावोगाव उभ्या आहेत," ती म्हणाली. जागेवर येऊन तिने सगळ्या अग्निशमन केंद्रांना कळवलं, शिड्या वापरू नका, चूक माझी आहे. मग ती रोलीकडे गेली.

तो गॅरेजमध्ये मासे साफ करत होता. सगळं ऐकून घेतलं, सुरी खाली ठेवली.

"मी नीट आवळला होता तर."

"हो."

"हल्ली हात थरथरतात गं. मलाच वाटलं, चुकलो असेन. इस्पितळात जाऊन वेसच्या आईची माफी मागून आलो."

मारितने विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

"तिच्या जागी कुणीही म्हणालं असतं तेच."

"मी जाते त्यांच्याकडे. आत्ताच."

"थांब, हात धुतो. एकटी नको जाऊस."

"तुम्ही कशाला, रोली?"

"माझ्याबद्दल सांगशील ना, तेव्हा तिचं तोंड मला बघायचंय," तो म्हणाला. त्यात राग होता, आणि मारितला त्या रागाने जरा बरं वाटलं.

इस्पितळात वेसच्या आईने सगळं ऐकलं. मारितकडे तिने पाहिलंही नाही. रोलीसाठी खुर्ची ओढली आणि रडायला लागली. मारित दाराशी उभी राहिली. तिला कुणी बस म्हणालं नाही, आणि तिनेही ते मनात धरलं नाही.