जावईबापूंची काडतुसं

मी एक रिव्हॉल्व्हर बोलतोय, आणि चिडून बोलतोय. गोड ऐकायचं असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

माझं वय सव्वाशेच्या वर. जन्म विलायतेतला. तेव्हा काडतुसात काळी दारू भरत. ती धूर फार करते, पण तिचा जोर मवाळ. तेवढ्या जोराला पुरेल इतकंच माझं लोखंड. कापसाच्या जिनिंगवरच्या एका साहेबाबरोबर मी अमरावतीला आलो आणि तो मायदेशी परतताना चांदूर बाजारजवळच्या, माझे आताचे मालक खुशालराव यांच्या आजोबांकडे राहिलो, रीतसर परवान्यावर.

पुढे ती जुनी काडतुसं मिळेनाशी झाली. खुशालरावांच्या वडिलांनी मला पोराच्या हाती देताना बजावलं, "याच्यात नवी गोळी घालू नोको. बसली तरी नाही." तेव्हापासून दसऱ्याला हळदकुंकू, झेंडूचं फूल, तेलाचा हात, आणि पुन्हा कपाटात. मला त्यात कमीपणा वाटला नाही.

मग घरात जावई आले. अकोल्याचे नितेशराव, खुशालरावांच्या मुलीचे, पायलचे, यजमान. त्यांना जुन्या वस्तूंचा भारी शौक, आणि माहिती म्हणजे मोबाइलवर पाहिलेले चार व्हिडिओ! गेल्या दसऱ्याला पूजा झाल्याबरोबर त्यांनी खिशातून चकचकीत काडतुसं काढली आणि माझ्या चक्रात सरकवली.

"पाहा मामाजी, कशी बराबर बसून राहिली! बसते म्हंजे चालते. आज बार झालाच पाह्यजे."

बसते म्हणजे चालते! मग छकड्याला ट्रकचं इंजिन बसवून पळवा म्हणावं. नव्या दारूचा जोर केवढा, माझ्या चक्राची भिंत केवढी, याचा विचार कुणी करायचा? मला बोलता येत असतं तर तिथंच बोंब ठोकली असती.

ज्यांना बोलता येत होतं ते खुशालराव गप्प राहिले. वडिलांची ताकीद त्यांना पक्की आठवत होती, मला त्यांनी हातात घट्ट धरून ठेवलं होतं. पण सणाच्या दिवशी, चार पाहुण्यांदेखत, जावयाला नाही कसं म्हणायचं?

नितेशरावांनी हात पुढे केला तसं खुशालरावांनी मला मागे ओढलं.

"तुमी राहू द्या, जावईबापू. पयला बार घरच्या मानसाचा."

संत्र्याच्या बागेमागे जाऊन त्यांनी बांधाकडे नेम धरला आणि चाप ओढला. माझं चक्र फुटलं. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. लोखंडाचा कपचा एका डोळ्यात शिरला, तो डोळाही गेला.

"बंदूकच सडेल निंगाली," नितेशराव म्हणाले. मी सडका!

पायल बापाचा हात पदरात गुंडाळत होती. "बाबा, तुमाले मालूम होतं ना? मंग काहून घेतली हातात?"

"त्याच्या हातात देल्ली असती, तं तुह्यं कुकू..." ते कण्हत म्हणाले.

"नाही म्हनाचं होतं, बाबा! एवढंच म्हनाचं होतं!" ती ओरडली.

आता मी पोलिसांच्या मालखान्यात आहे, दोन तुकडे होऊन, पुडक्यात बांधलेला. गुन्हा नोंदला गेलाय, जावईबापू तारखांना जातात. माझं कुणाला काही सोयरसुतक नाही, नसू दे. पण ज्यांच्या कपाटात माझ्यासारखे म्हातारे पडलेत, त्यांनी कान उघडून ऐकावं. त्या म्हाताऱ्यांना पुसा, पुजा, पाहुण्यांना दाखवा. गोळी घालू नका. आत बसली म्हणून तर मुळीच घालू नका.

आणि जावयाला नाही म्हणा. रुसला तर रुसू द्या. रुसलेला जावई पुढच्या सणाला परत येतो. डोळा येत नाही.