निळं पाहायचं तर इकडून या

मला विकून फारूकभाईंच्या गल्ल्यात चहापाण्यापुरतं काय ते पडणार होतं. मला घेणाऱ्या संघपालचा हिशेब मात्र मोठा होता. त्याला सासरची अख्खी मंडळी जिंकायची होती, तीही एका राखाडी खड्याच्या जोरावर. तो खडा म्हणजे मी, मित्रांनो. नाव लॅब्राडोराइट, जात फेल्डस्पार. माझं नाव घेताना जीभ अडखळली तरी मी रागावत नाही.

मादागास्करच्या खाणीतून मी निघालो, जयपुरात घासूनपुसून लंबगोल झालो आणि चंद्रपुरात फारूकभाईंच्या खड्यांच्या दुकानात एका डबीत येऊन पडलो. गिऱ्हाइकं माणिक-पाचूंकडे धावत आणि मला बोटानं बाजूला सारत. त्यांचं तरी काय चुकलं? समोरून मी डबक्याच्या पाण्यासारखा. पण माझ्या पोटात पापुद्र्यांवर पापुद्रे आहेत. उजेड त्यांच्यात शिरतो, खेळतो आणि तिरक्या नजरेला नीलपंख पक्ष्याच्या पंखासारखा झळकतो.

संघपाल माजरीच्या कोळसा खाणीत डंपर चालवतो. त्याची होणारी बायको नंदिनी मोहर्लीला गाइड आहे, पर्यटकांना वाघाचं जंगल दाखवते. तिनं बजावलं होतं, सोनं नको, निळं काहीतरी आण. तिच्या गिरजा आत्यांना हे मुळीच पटलं नव्हतं. त्या नुसत्या डोळ्यांनी सोनं तोलणाऱ्या. संघपालनं त्यांना छातीठोक सांगून टाकलं, असं निळं आणतो की पाहतच राहाल.

दुकानात फारूकभाईंनी मला तिरकं धरलं आणि संघपालचं तोंड उघडंच राहिलं. कोंदणात बसवताना भाई म्हणाले, "जिले घालाची हाय, तिच्या डोळ्याकडं तोंड करून बसवतो याले."

संघपालनं मान हलवली, ऐकलं काहीच नाही. प्रेमात पडलेल्याच्या मानेवर विश्वास ठेवू नये.

साक्षगंधाच्या दिवशी त्यानं अंगठी चढवली. आत्या पुढं झाल्या आणि त्यांनी समोरून पाहिलं.

"काहो जवाईबापू, माजरीचा कोयसाच घासून आणला का?"

मांडव हसला. संघपालनं पाहिलं, तर मी खरंच कोळशाचा भाऊ दिसत होतो. त्याला वाटलं, भाईंनी खडा बदलला. बिचारा कानापर्यंत लाल झाला. माझा जीव तुटत होता, पण दगडाला ओरडता येत नाही.

तेवढ्यात नंदिनीनं हात स्वतःकडे वळवला आणि मी पेटलो. निळा, कडेला जरासा सोनेरी. ती हसायलाच लागली.

"आत्या, वाघ कधी म्हणल्या जागी दिसते का? जागा बदलून पाहा लागते. इकून या, माह्या बाजूनं."

आत्या कुरकुरत गेल्या, वाकल्या, गाल नंदिनीच्या खांद्याला टेकला. बराच वेळ उठल्याच नाहीत. शेवटी पुटपुटल्या, "सोनंबी हाय थोडंसं."

मग रांगच लागली. सारा मांडव नवरीच्या बाजूनं उभा! शेवटी संघपाल गालाला गाल लावून पाहू लागला, तेव्हा थोरामोठ्यांना अचानक मांडवाचं कापड पाहण्यासारखं वाटलं.

मित्रांनो, मी दिसतो टणक, पण आहे पापुद्र्यांचा. आपटलात तर तडकेन, राखेनं घासलंत तर अंधूक होईन. मऊ फडक्यानं पुसा. आणि कुणी राखाडी वाटलं, तर नाक मुरडण्याआधी जरा जागा बदला.

राहिला हिशेब. संघपालचे पैसे तिथंच वसूल झाले. फारूकभाईंना त्याच मांडवातून दोन नवी गिऱ्हाइकं मिळाली. नंदिनीला तिचं निळं मिळालं. किंमत मोजली ती एकट्या आत्यांच्या कमरेनं. आठवडाभर शेकत होत्या, तरी दर भेटीला सगळ्यांच्या आधी त्याच वाकतात.